पिवळ्या घराचं सुतक कशाला?

'द सिम्पसन्स' ही अमेरिकी कार्टून मालिका ज्यांनी थोडीफार पाहिली आहे, त्यांना त्या कुटुंबाचं घर डोळे मिटूनही दिसतं. सोफ्यामागच्या भिंतीवर शिडाच्या नावेचं चित्र, स्वयंपाकघराच्या खिडकीला मक्याच्या कणसांची नक्षी असलेले पडदे, परसात झाडावरचं खोपटं. १९९७ साली हे घर खरोखर बांधलं गेलं. नेवाडा राज्यात लास वेगासला खेटून हेंडरसन नावाचं शहर आहे, तिथल्या एका नव्या वसाहतीत कॉफमन अँड ब्रॉड या बांधकाम कंपनीनं मालिका दाखवणारी फॉक्स वाहिनी आणि पेप्सी यांना बरोबर घेऊन ते उभारलं. दोन मजले, चार बेडरूम, सुमारे २,२०० चौरस फूट. बाहेरून झगझगीत पिवळा रंग, आत कार्टूनमधल्यासारखे सपाट, सावलीविरहित रंग. हजारो लोक ते बघून गेले. घर हे पेप्सीच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस होतं. ते लागलं केंटकी राज्यातल्या एका बाईंना, आणि त्यांनी घराऐवजी ७५,००० डॉलर रोख घेतले. मग कंपनीनं घरातली सजावट उतरवली, शेजारपाजारच्या घरांशी जुळेल असा रंग फासला आणि २००१ मध्ये ते एका साध्या गिऱ्हाइकाला विकलं.

या हकिगतीवर गेली पंचवीसेक वर्षं चाहत्यांच्या जगात जे एकमत आहे, ते असं: हा सांस्कृतिक ठेव्याचा नाश होता. कंपन्यांनी जाहिरातीपुरतं घर वापरलं आणि काम झाल्यावर खरवडून टाकलं. वसाहतीच्या नियमांनी रंग बदलायला लावला, म्हणजे बक्षीस देतानाच त्यातला जीव काढून घेतला होता. आणि ज्या बाईंना हे भाग्य लाभलं, त्यांनी मूठभर पैशांसाठी ते सोडलं. नुसते चाहतेच हे म्हणतात असं नाही. लोकप्रिय संस्कृतीवर गंभीरपणे लिहिणारेही 'संग्रहालय व्हायला हवं होतं' असं सहज लिहून जातात आणि कोणी त्यांना हटकत नाही.

हा पूर्वपक्ष मी मुद्दाम सौम्य न करता मांडला, कारण तो हास्यास्पद नाही. त्यामागे प्रेम आहे. पण तो चुकीचा आहे. त्या घराचं जे झालं ते त्या घराला शोभणारंच झालं, आणि ज्या मालिकेच्या नावानं हा शोक चालतो, ती मालिकाच शोक करणाऱ्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार नाही.

आधी 'ठेवा' या दाव्याचं बघू. प्रतिकृती जपायची तर ती कशाची तरी असायला हवी. सिम्पसन कुटुंबाच्या घराचा असा एक पक्का नकाशा नाही. १९८७ मध्ये 'द ट्रेसी उलमन शो'मधल्या छोट्या चित्रफितींतून हे कुटुंब पहिल्यांदा दिसलं, डिसेंबर १९८९ पासून स्वतंत्र मालिका सुरू झाली. तेव्हापासून कथेला लागेल तशी खोली उगवते आणि गरज संपली की गायब होते. दिवाणखान्याच्या मागे एक जादा खोली कधी असते, कधी तिथे नुसतीच भिंत. सुरुवातीच्या वर्षांत घराचा क्रमांकसुद्धा ठरलेला नव्हता, '७४२, एव्हरग्रीन टेरेस' हा पत्ता पुढे रूढ झाला. रस्त्याचं नाव मात्र खऱ्या जगातून आलं. मालिकेचे निर्माते मॅट ग्रोनिंग पोर्टलंडमध्ये ज्या एव्हरग्रीन टेरेसवर वाढले, तिथून ते उचललेलं आहे.

कार्टूनमध्ये भिंत हलवायला खर्च येत नाही. हेंडरसनच्या रचनाकारांना मात्र जिना एकाच जागी ठेवावा लागला, एका खोलीतून दुसरीत जाणारं दार एकाच भिंतीत काढावं लागलं. मालिकेचे ढीगभर भाग पुन्हा पुन्हा पाहून त्यांनी हे ठरवलं. म्हणजे तयार झालं ते घराचं एक भाष्य होतं, मूळ नव्हे. भाष्य मोलाचं असू शकतं, पण भाष्याची मोडतोड झाली म्हणून मूळ ग्रंथ नष्ट झाला असा आक्रोश कोणी करत नाही. मूळ तर आजही नव्यानं काढलं जातंय.

आलोइस रीगल या ऑस्ट्रियन कलेतिहासकारानं १९०३ साली स्मारकांवरच्या आपल्या निबंधात एक भेद केला होता. काही वास्तू स्मारक म्हणूनच उभारलेल्या असतात, तर काही वेगळ्याच कामासाठी बांधलेल्या असतात आणि काळ त्यांना स्मारकपण देतो. हेंडरसनचं घर पहिल्या वर्गात बसत नाही, कारण त्याचा हेतू आठवण जपण्याचा नव्हता, शीतपेय आणि मालिकेचा नवा मोसम खपवण्याचा होता. दुसऱ्यात बसायला त्याला काळच मिळाला नाही. उन्हाळ्यात उघडलेला देखावा शरदात संपला. तो वर्षभर टिकावा असंही बांधणाऱ्यांच्या मनात नव्हतं, कारण वसाहतीच्या नियमांप्रमाणे विजेत्याला बाहेरचा रंग बदलावाच लागणार होता. ही अट आधीपासूनच होती. तिला दगाबाजी म्हणणाऱ्यांनी वसाहतीतल्या इतर घरमालकांच्या जागी स्वतःला उभं करून पाहावं. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत बाल्कनीच्या ग्रिलवरून कमिटीशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळं समजवायला नकोच.

यावर एक उलट दाखला हमखास पुढे केला जातो. कॅलिफोर्नियातल्या हिल्सबरो गावात 'फ्लिन्टस्टोन हाउस' म्हणून प्रसिद्ध असलेलं घुमटांचं घर आहे. २०१७ मध्ये ते घेणाऱ्या फ्लॉरेन्स फँग या वृत्तपत्रव्यवसायातल्या बाईंनी अंगणात मोठमोठे डायनोसॉर उभे केले, २०१९ मध्ये गावानं त्यांना कोर्टात खेचलं, आणि २०२१ मध्ये तडजोड होऊन डायनोसॉर जागीच राहिले. तेव्हा नियम झुकवता येतात, असं म्हणतात. येतात की! पण झुकवायला कोणीतरी तिथे राहणारं, त्या घरावर जीव असणारं, वकिलाचं बिल भरणारं माणूस लागतं. शिवाय ते घर 'द फ्लिन्टस्टोन्स' या कार्टून मालिकेतल्या घराची प्रतिकृती म्हणून बांधलेलंच नव्हतं. १९७६ साली विल्यम निकोल्सन या वास्तुविशारदानं केलेला तो वेगळ्या धाटणीचा प्रयोग होता, नाव लोकांनी मागाहून चिकटवलं. रीगलच्या दुसऱ्या वर्गाचं ते चपखल उदाहरण आहे, आणि हेंडरसनच्या घराशी त्याची तुलना नेमकी तिथेच तुटते.

आता केंटकीच्या बाईंकडे वळू, कारण त्यांच्यावर झालेला अन्याय मला जास्त खटकतो. त्यांच्या निर्णयाबद्दल बोलताना लोक असा सूर लावतात, जणू त्यांनी देवळातली मूर्ती भंगारात घातली. हिशेब साधा आहे. अमेरिकेत बक्षीस म्हणून मिळालेली वस्तू तिच्या बाजारभावानं उत्पन्नात धरली जाते आणि तिच्यावर आयकर भरावा लागतो. रोख मिळाली तर कर त्यातूनच भागतो. घर मिळालं तर कर खिशातून, त्यावर स्थानिक मालमत्ता कर, विमा, वसाहतीतल्या घरमालक संघटनेची वर्गणी, वर रंगकामाचा खर्च. आणि हे सगळं अडीच हजार किलोमीटरहून लांब, वाळवंटात, जिथे आपलं कोणी नाही. आपलं गाव, आपली माणसं सोडून एका कार्टूनच्या दिवाणखान्यात जाऊन राहावं, ही अपेक्षा करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतः ते केलं असतं? त्याच १९९७ साली एचजीटीव्ही वाहिनीनं वायोमिंगमधल्या जॅक्सनमध्ये पहिलं 'ड्रीम होम' बक्षीस म्हणून दिलं आणि ती प्रथा पुढे दरवर्षी चालू राहिली. त्यातल्या बहुतेक विजेत्यांनी एक तर रोख रक्कम घेतली किंवा घर थोड्याच काळात विकून टाकलं. बक्षिसाचं घर ही मिरवायला छान आणि सांभाळायला जड वस्तू असते. केंटकीच्या बाईंनी जे केलं त्याला व्यवहार म्हणतात, आणि व्यवहार हा काही गुन्हा नाही.

खरी मौज पुढे आहे. डिसेंबर १९९२ मध्ये दाखवल्या गेलेल्या 'लिसाज फर्स्ट वर्ड' या भागात सिम्पसनांना हे घर कसं मिळालं ते सांगितलं आहे. कुटुंबातली आई मार्ज दुसऱ्यांदा गरोदर, जागा अपुरी, बाप होमरच्या गाठीला दमडी नाही. तेव्हा होमरचे वडील, एब सिम्पसन, स्वतःचं घर विकून मुलाला पैसे देतात. आणि त्यांच्याकडे ते घर कुठून आलेलं असतं? पन्नाशीच्या दशकातल्या, आतून सगळं ठरवून चालवलेल्या एका टीव्ही स्पर्धेत त्यांना ते बक्षीस मिळालेलं असतं! म्हणजे एव्हरग्रीन टेरेसवरचं घर उभं आहे ते बक्षिसाचं घर विकून आलेल्या पैशांवर. खऱ्या स्पर्धेच्या पाच वर्षं आधी मालिकेनं ही गोष्ट सांगून ठेवली होती. (म्हाताऱ्याला त्याबद्दल काय मिळालं? तीन आठवड्यांत वृद्धाश्रम. ही मालिका भावुकपणाला फार वेळ देत नाही.) बक्षिसाचं घर मोडून पैसा करणाऱ्या केंटकीच्या बाई चाहत्यांना परक्या वाटतात. मालिकेच्या वंशावळीत मात्र त्या थेट आजोबांशेजारी बसतात.

दुसरा भाग याहून बोचरा आहे. 'होमर्स एनिमी' ४ मे १९९७ रोजी दाखवला गेला, हेंडरसनच्या घराचं दार लोकांसाठी उघडलं त्याच्या जेमतेम तीन महिने आधी. फ्रँक ग्राइम्स हा आयुष्यभर कष्ट उपसलेला माणूस अणुवीज केंद्रात होमरचा सहकारी म्हणून येतो. एकदा तो होमरच्या घरी जातो आणि उंबऱ्यावरच अवाक होतो. हे एवढं घर, दोन गाड्या, ताटात लॉबस्टर! स्वतः ग्राइम्स एका बोलिंगच्या अड्ड्यावरच्या खोलीत राहतो आणि त्याच्या डोक्यावरही बोलिंगचाच दुसरा अड्डा असतो. आठ वर्षं प्रेक्षक ज्या घराला 'साधं मध्यमवर्गीय घर' समजत आले, ते कुठल्याही कष्टकऱ्याला परवडणारं नाही, हे लेखकांनी स्वतःच्याच मालिकेच्या तोंडावर फेकलं. त्यात ग्राइम्स वेडापिसा होऊन मरतो. हा भाग पाहिलेल्या माणसाला त्या घराचं देऊळ करावंसं वाटतं, याचं मला नवल वाटतं.

आणि २००९ मध्ये तर घरच गेलं! त्या वर्षीच्या मार्चमधल्या 'नो लोन अगेन, नॅचरली' या भागात होमरनं घरावर काढलेल्या कर्जाचा हप्ता अंगावर येतो, बँक जप्ती आणते, लिलाव होतो. शेजारचा नेड फ्लँडर्स घर विकत घेतो आणि सिम्पसनांना भाड्यानं देतो. तो काळ आठवा. २००८ नंतरची काही वर्षं नेवाडा हे घरजप्तीच्या प्रमाणात अमेरिकेत सगळ्यांत वरच्या राज्यांपैकी होतं, आणि लास वेगासचं खोरं त्याच्या केंद्रस्थानी. १९९० मध्ये ६५ हजारांच्या आसपास असलेली हेंडरसनची लोकसंख्या २००० मध्ये पावणेदोन लाखांवर गेली होती. कॉफमन अँड ब्रॉडसारख्या कंपन्यांनी तिथे वसाहतींमागून वसाहती उभ्या केल्या होत्या (ती कंपनी २००१ पासून केबी होम या नावानं ओळखली जाते). पिवळं घर त्या तेजीचं अपत्य होतं. 'हे घर जपायला हवं होतं' म्हणणाऱ्यांना ते या इतिहासातून उपटून काचेच्या पेटीत ठेवायचं आहे. मालिका त्याला हप्ते, जप्ती, भाडं यांत जगू देते.

जपण्याचा प्रयोग दुसरीकडे झालेला आहे. 'द ब्रेडी बंच' ही १९६९ ते १९७४ मधली मालिका. तिच्यात बाहेरून दिसणारं घर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागातलं खरं घर, आतल्या खोल्या स्टुडिओतल्या. २०१८ मध्ये एचजीटीव्हीनं ते घर ३५ लाख डॉलरना घेतलं, वर सुमारे १९ लाख डॉलर खर्च करून आतून हुबेहूब स्टुडिओतल्यासारखं केलं. बाहेरच्या घरात मालिकेतल्या खोल्या मावतच नव्हत्या, म्हणून मागे जवळजवळ दोन हजार चौरस फुटांचं बांधकाम वाढवावं लागलं. २०२३ मध्ये घर विकलं गेलं ते ३२ लाखांना. घेणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं की आपण इथे राहणार नाही, ही एक कलाकृती आहे. पन्नास वर्षं ज्या घरात माणसं जेवली-झोपली, ते चाहत्यांच्या स्वप्नाबरहुकूम 'पूर्ण' झालं आणि त्याच दिवशी राहण्याच्या कामातून बाद झालं. पैशाचा तोटा सोडून द्या, तो वाहिनीनं कार्यक्रमातून भरून काढला असेल. हेंडरसनची गोष्ट बरोबर उलटी घडली. देखावा गेला आणि घर कामाला आलं.

न्याय्य आक्षेप दोन आहेत, ते टाळणं बरं नव्हे. क्लीव्हलँडमध्ये 'अ ख्रिसमस स्टोरी' या १९८३ च्या चित्रपटातलं घर २००४ साली एका चाहत्यानं ईबेवर दीड लाख डॉलरना विकत घेतलं, चित्रपटातल्यासारखं केलं, आणि २००६ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. ते चांगलं चाललं. आणि युटामधल्या हेरिमनमध्ये २०११ साली डिस्नेच्या परवानगीनं बांधलेलं 'अप' चित्रपटातलं घर एका जोडप्यानं घेतलं आणि आत-बाहेर तसंच ठेवून तिथे संसार मांडला. मग हेंडरसनलाच काय झालं होतं?

क्लीव्हलँडचं घर चित्रीकरणाचं खरं ठिकाण होतं, आणि तो चित्रपट पूर्ण झालेला होता, त्याच्या भिंती आता हलणार नव्हत्या. तरीही संग्रहालय चालवायला समोरचं घर घ्यावं लागलं. एका नव्या, अंगाला अंग लावून बांधलेल्या वसाहतीत हे कुठून जमायचं? हेरिमनचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तिथे स्वतःहून, पैसे मोजून, तसंच राहायचं म्हणून घेणारी माणसं मिळाली. हेंडरसनला अशी माणसं आली नाहीत. प्रेम होतं, पण ते घरात राहायला तयार नव्हतं. दुसऱ्यानं राहावं, दुसऱ्यानं मक्याचे पडदे धुवावेत आणि आपण सुट्टीत फोटो काढायला यावं, एवढीच त्याची धाव.

त्या सुट्टीतल्या प्रेमाची किंमत कोण मोजतं तेही पाहा. अल्बुकर्कमध्ये 'ब्रेकिंग बॅड' मालिकेतलं जे घर आहे, त्याच्या छतावर लोक कथेची नक्कल म्हणून पिझ्झे फेकत राहिले, शेवटी तिथे राहणाऱ्यांना कुंपण घालावं लागलं. म्हणूनच हेंडरसनच्या घराचा खरा पत्ता मी इथे दिलेला नाही. तो शोधणं अवघड नाही, पण तिथे माणसं राहतात.

शोकाची जागाही चुकली आहे. नोव्हेंबर १९९६ मध्ये लास वेगासचं सँड्स हॉटेल सुरुंग लावून पाडलं गेलं, ज्याच्या रंगमंचावर फ्रँक सिनात्रा आणि त्याच्या टोळक्यानं अमेरिकी मनोरंजनाचा एक काळ गाजवला. त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री हॅसिएंडा हॉटेल टीव्हीवर दाखवत उडवलं. आणि तीनच दिवसांनी, जानेवारी १९९७ मध्ये, न्यूयॉर्कच्या इमारतींच्या छोट्या प्रतिकृती गळ्यात घातलेलं 'न्यूयॉर्क-न्यूयॉर्क' हॉटेल उघडलं. पिवळं घर याच हवेत वाढलं. जिथे खऱ्या वास्तू पाडून नकलांना जागा करून दिली जात होती, तिथे एक नक्कल स्वतः बाजूला झाली आणि तिच्या जागी खरं घर उरलं. सँड्ससाठी दोन टिपं गाळली तर मी समजू शकतो.

मागणी करायचीच असेल तर एक रास्त मागणी शिल्लक आहे. ज्या रचनाकारांनी त्या सरकत्या, वरचेवर बदलणाऱ्या घराला एका पक्क्या नकाशात बसवलं, त्यांचे निर्णय अभ्यासण्यासारखे आहेत: जिना नेमका कुठे आणि का, दोन भागांत दोन ठिकाणी दिसलेल्या खोलीपैकी कुठली खरी मानली, सपाट रंगांत खोलीची खोली कशी दिसली. चित्रातल्या जागेला प्रत्यक्षात आणण्याचा हा बारकाईचा आणि दुर्मीळ प्रयोग होता. त्याचे आराखडे आणि टिपणं एकत्र, नीट छापून निघावीत, असं वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि अ‍ॅनिमेशनवाल्यांनी फॉक्स आणि केबी होमकडे मागायला हवं. त्यासाठी कोणाच्याही घराच्या भिंतीला हात लावावा लागत नाही.